शालेय बेसबॉलच्या ॲनिमे मालिका पाहायला सुरुवात कशी करावी

बेसबॉलचा एकही सामना कधी न पाहिलेली मंडळी जपानी शाळांच्या बेसबॉलवरच्या मालिका रात्ररात्र जागून पाहतात. ज्यांना त्या जमल्या नाहीत, ते बहुधा पहिल्या काही भागांतच थांबलेले असतात. थांबायच्या जागाही ठरलेल्या आहेत. एक म्हणजे पडद्यावर दिवे लुकलुकतात, सगळे 'स्ट्राइक' म्हणून ओरडतात आणि नेमकं काय झालं ते कळत नाही. दुसरी म्हणजे एकच सामना आठ-दहा भाग चालतो आणि गोष्ट अडकल्यासारखी वाटते. जपानी प्रेक्षकाला या मालिका बघायला बसण्याआधीच काही गोष्टी लहानपणापासून माहीत असतात आणि आपल्याला त्या कोणी सांगितलेल्या नसतात. त्याच इथे क्रमाने सांगतो. क्रिकेट कळत असेल तर निम्मं काम आधीच झालेलं आहे.

सुरुवातीला काय लागेल

- एखाद्या अधिकृत ॲनिमे सेवेचं खातं. क्रंचीरोल भारतात चालतं. मात्र कोणती मालिका कोणत्या देशात दिसते हे बदलत राहतं, त्यामुळे पुण्यात दिसणारी मालिका लंडनच्या भाचीला दिसेलच असं नाही.
- मालिकेची दोन्ही नावं. शोधताना जपानी आणि इंग्रजी अशी दोन्ही टाकून बघा: 'ओओकिकु फुरिकाबुत्ते' म्हणजेच 'बिग विंडअप', 'दाइया नो एस' म्हणजे 'एस ऑफ डायमंड', 'बोक्याकु बॅटरी' म्हणजे 'ऑब्लिव्हियन बॅटरी'.
- इंग्रजी सबटायटल्स. आवाज मूळ जपानीच ठेवा. मैदानावरच्या हाका, समालोचन, प्रेक्षागृहातला बँड हे सगळं त्या आवाजातच नीट ऐकू येतं.
- वही-पेन. कशासाठी ते चौथ्या पायरीत येईल.

## पायरी १: नियमांआधी स्पर्धा समजून घ्या

या सगळ्या मालिकांत एक शब्द सतत कानावर पडेल: कोशिएन. ओसाका आणि कोबे यांच्या मधल्या निशिनोमिया शहरातलं हे मैदान १ ऑगस्ट १९२४ ला सुरू झालं. एरवी ते हानशिन टायगर्स या व्यावसायिक संघाचं घरचं मैदान असतं. ऑगस्टमध्ये मात्र तिथे शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. स्पर्धा मैदानापेक्षाही जुनी आहे, १९१५ पासूनची.

जून-जुलैमध्ये प्रत्येक प्रांतात पात्रता सामने होतात. एकूण ४७ प्रांत आहेत. तोक्यो आणि होक्काइदो यांना दोन-दोन जागा मिळतात, म्हणून कोशिएनला पोचणारे संघ ४९. देशभरातून आता साधारण ३,४०० संघ उतरतात आणि पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत सगळं बाद पद्धतीने चालतं. गुणतक्ता नाही, दुसरी संधी नाही. एक सामना हरला की त्या उन्हाळ्यापुरतं संपलं.

याला शाळेचं वेळापत्रक जोडून बघा. जपानमध्ये हायस्कूल तीन वर्षांचं असतं आणि वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. मार्चमध्ये निवडक शाळांना बोलावून वसंतातली वेगळी स्पर्धा भरते, तीही कोशिएनलाच. म्हणजे कोणत्याही मुलाच्या वाट्याला जास्तीत जास्त तीन उन्हाळे आणि दोन वसंत येतात. तिसऱ्या वर्षाचा उन्हाळा हरला, की त्या मुलाने संघातून निवृत्त व्हायचं आणि पुढच्या प्रवेशपरीक्षांच्या मागे लागायचं. यातली बहुतेक मुलं त्यानंतर पुन्हा कधी अशा ईर्ष्येने खेळत नाहीत.

मला विचाराल तर या मालिकांची सगळी ओढ इथून येते. हजारो संघांपैकी एकच संघ न हरता घरी जातो. म्हणून चांगली मालिका हरणाऱ्यांकडे पाठ फिरवू शकत नाही. समोरच्या संघातला सतरा वर्षांचा मुलगा शेवटच्या चेंडूवर बाद होतो, तेव्हा त्याचं बेसबॉल तिथे संपलेलं असतं, आणि दिग्दर्शक आपल्याला त्याच्या घरच्यांसह ते दाखवतो. नायक जिंकलेला असतो आणि आपल्या घशात आवंढा असतो. हे लक्षात ठेवून बसलात तर 'एवढ्या एका सामन्यासाठी इतकं रडणं कशाला' असा प्रश्न पडणार नाही.

हरलेले खेळाडू कोशिएनची काळी माती पिशवीत भरताना दिसतील. त्या मातीची एक खरी हकिगत सांगायलाच हवी. १९५८ मध्ये ओकिनावाची शुरी हायस्कूल कोशिएनला आली. तेव्हा ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं. संघ हरला, मुलांनी माती भरून घेतली, आणि परतल्यावर परदेशी माती म्हणून विलगीकरणाच्या नियमाखाली ती फेकून द्यावी लागली. ही बातमी वाचून जपान एअरलाइन्सच्या हवाई सेविकांनी मैदानातले खडे गोळा करून त्या शाळेला पाठवले, कारण खड्यांना तो नियम लागू नव्हता. पडद्यावर कोणी गुडघे टेकून माती गोळा करू लागलं, की जपानी प्रेक्षकाच्या मनात अशा किती तरी आठवणी जाग्या होत असतात.

## पायरी २: नियम, लागतील तेवढेच

पूर्ण नियमपुस्तक वाचायला बसू नका. एवढं पुरे:

1. सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये तीन जण बाद झाले की बाजू बदलते. बाद झालेला खेळाडू आपला क्रम आला की पुन्हा फलंदाजीला येतो. क्रिकेटची सवय असलेल्यांना हे पचायला सगळ्यात वेळ लागतो.
2. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, १८.४४ मीटरवरून चेंडू टप्पा न पाडता फेकतो. आपली खेळपट्टी २०.१२ मीटर असते, म्हणजे अंतर त्याहून थोडं कमीच.
3. होम प्लेटच्या (फलंदाजाजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीच्या) रुंदीत आणि गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत एक अदृश्य चौकट असते. चेंडू तिच्यातून गेला, किंवा फलंदाजाने बॅट फिरवली आणि चेंडू हुकला, की स्ट्राइक. तीन स्ट्राइकला बाद. चौकटीबाहेरचा चेंडू सोडून दिला तर तो 'बॉल', आणि चार बॉल झाले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर. बेस म्हणजे पळण्याच्या वाटेवरचे थांबे; सगळे फिरून होम प्लेटला परत आलं की एक धाव.
4. दोन रेषांच्या आत मारलं की पळावंच लागतं. रेषेबाहेर गेला तो फाउल; तो स्ट्राइक म्हणून मोजतात, पण साधा फाउल तिसरा स्ट्राइक होत नाही. म्हणून चिवट फलंदाज फाउल मारत मारत पिचरला दमवतो.
5. बॅट आडवी धरून चेंडू नुसता अलगद ठेवणं म्हणजे बंट. स्वतः बाद होऊन साथीदाराला एक बेस पुढे सरकवायचं. शालेय बेसबॉलमध्ये हे फार दिसतं.
6. शेवटी फलंदाजी करणाऱ्या संघाने नवव्या इनिंगमध्ये आघाडी घेतली की सामना त्या क्षणी संपतो. याला जपानीत 'सायोनारा' म्हणतात.

सापळा: फलकावरचे दिवे. जुन्या मालिकांत आधी स्ट्राइक, मग बॉल, मग आउट असा क्रम दिसतो. साधारण २०१० नंतर जपानने आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे बॉल आधी घेतला. एकाच आठवड्यात जुनी आणि नवी मालिका पाहिलीत तर इथे हमखास गोंधळ होतो. मालिका सुरू करताना वरच्या ओळीत कोणतं अक्षर आहे ते एकदा बघून ठेवा.

पाठीवरचा नंबर शोभेचा नसतो. १ म्हणजे पिचर, २ कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा), ३ ते ६ आतले क्षेत्ररक्षक, ७ ते ९ बाहेरचे. १ नंबर मिळणं म्हणजे संघाचा 'एस', म्हणजे मुख्य पिचर, ठरणं. प्रशिक्षक कापडी नंबर वाटतात त्या प्रसंगाला मालिका इतका वेळ देतात तो यासाठी. १० किंवा ११ नंबर घेऊन हसणारा मुलगा आतून काय गिळतोय, ते तुम्हाला आता दिसेल.

आणखी एक. प्रांतिक फेऱ्यांत पाच इनिंगनंतर १० किंवा सात इनिंगनंतर ७ धावांचा फरक असेल तर सामना तिथेच थांबवतात. त्यामुळे मधेच सामना संपला तर भाग चुकला असं समजू नका.

## पायरी ३: पहिली मालिका निवडा

माझी शिफारस स्पष्ट आहे: बिग विंडअप. आसा हिगुची यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) २००७ मध्ये पहिला सीझन आला, २०१० मध्ये दुसरा. साइतामा प्रांतातल्या निशिउरा शाळेत नुकताच संघ उभा राहिलाय, सगळी मुलं पहिल्या वर्षाची, प्रशिक्षक एक तरुण बाई. पिचर मिहाशी आधीच्या शाळेत सगळ्यांचा नकोसा झालेला. आजोबांची शाळा म्हणून तुला १ नंबर मिळाला, असं ऐकून ऐकून आपण कुचकामी आहोत यावर त्याचा ठाम विश्वास बसलेला. त्याचा वेग खरंच कमी आहे. पण कॅचर आबेच्या लक्षात येतं की हा मुलगा स्ट्राइकच्या चौकटीचे नऊ भाग करून हवा तो भाग टिपू शकतो.

नवख्यांसाठी ही मालिका उत्तम ठरण्याचं कारण असं, की इथे प्रत्येक चेंडूमागचा विचार बोलून दाखवला जातो. आबेने बाहेरचा चेंडू का मागितला, फलंदाजाने तो का सोडला, पुढच्या वेळी तो कशाची वाट बघेल, हे पाहता पाहता खेळ शिकून होतो. शिवाय मुलं माणसांसारखी वागतात. घाबरली की हात गार पडतात. जेवायच्या आधी ताटाकडे बघून सगळे मिळून 'किती चविष्ट दिसतंय' असं ओरडतात, कारण त्याने मेंदूत काय घडतं ते मार्गदर्शक शिक्षकांनी समजावून दिलेलं असतं. प्रेक्षागृहात आया एकमेकींना नियम विचारत बसलेल्या असतात. पहिल्या फेरीत गाठ पडते गेल्या वर्षीच्या प्रांतविजेत्या तोसेई शाळेशी. तो एक सामना पहिल्या सीझनचा मोठा भाग व्यापतो, आणि त्यात तोसेईच्या मुलांनाही निशिउराइतकाच जीव लावलेला आहे.

मिहाशी सतत रडतो, चाचरतो. काहींना त्याचा वैताग येतो. पहिला सराव सामना होईपर्यंत धीर धरा, त्यानंतर ठरवा.

तुमची आवड वेगळी असेल तर:

- क्रॉस गेम (२००९–१०, ५० भाग). मित्सुरु आदाची यांची गोष्ट. खेळाच्या साहित्याच्या दुकानातला मुलगा को आणि शेजारच्या बॅटिंग सेंटरवाल्या त्सुकिशिमा घरातल्या चार बहिणी. घर, गल्ली, वाढतं वय आवडत असेल तर हीच घ्या. पहिला भाग पूर्ण बघितल्याशिवाय हिच्याबद्दल काहीही वाचू नका.
- एस ऑफ डायमंड (२०१३ पासून, पहिला सीझनच ७५ भागांचा). नागानोच्या खेड्यातला सावामुरा पश्चिम तोक्योतल्या सेइदो या बलाढ्य शाळेत येतो. शंभराच्या आसपास मुलं आणि संघात जागा वीस. मला यातलं सर्वांत मोलाचं काय वाटतं, तर निवड न झालेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेली जागा. लांबी झेपणार असेल तरच सुरू करा.
- ऑब्लिव्हियन बॅटरी (२०२४, १२ भाग). अफाट गुणी कॅचरची स्मृती गेलेली, पिचर मात्र त्याच्याच मागे सामान्य शाळेत आलेला. विनोद मोकाट आहे आणि चित्रं देखणी. कमी वेळात चव घ्यायची तर ही.
- मेजर (२००४–१०). गोरो बालवाडीच्या वयापासून अमेरिकेच्या मोठ्या लीगपर्यंत. हायस्कूल हा त्यातला एक टप्पा. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर सोबत बघायला छान.

टच (१९८५–८७, १०१ भाग) ही या सगळ्यांची थोरली बहीण. जुळे भाऊ तात्सुया आणि काझुया, शेजारची मिनामी, आणि तिचं कोशिएनला जायचं स्वप्न. ती पहिली घेऊ नका असं मी सांगतो, कारण तिची गती संथ आहे आणि त्या संथपणातली गोडी दुसरी-तिसरी मालिका झाल्यावर जास्त कळते.

आपल्याकडचा एक धागाही इथेच सांगतो. १९६८ ची 'क्योजिन नो होशी' ही बेसबॉल ॲनिमेची पायाभरणी करणारी मालिका. बाप मुलाला झिजवून झिजवून पिचर घडवतो. २०१२ मध्ये तिचा भारतीय अवतार 'सूरज: द रायझिंग स्टार' कलर्स वाहिनीवर आला. कथा मुंबईत आणली होती आणि बेसबॉलच्या जागी क्रिकेट. प्रयोग मनापासूनचा होता. पण क्रिकेटमध्ये सहा चेंडूंनी गोलंदाज बदलतो. एकच मुलगा नऊ इनिंग पिचरच्या उंचवट्यावर उभा राहून सगळ्या संघाचा भार वाहतो, ही या मालिकांची मुख्य गोष्ट क्रिकेटमध्ये तशीच्या तशी उतरवता येत नाही.

## पायरी ४: सामना बघायची पद्धत

कॅचरकडे बघा. नवखा माणूस पिचरकडे बघत बसतो. सामना चालवतो कॅचर. तो बोटांनी खूण करतो, पिचर मान हलवतो किंवा नाकारतो. या दोघांच्या जोडीला बॅटरी म्हणतात आणि निम्म्याहून अधिक मालिकांचा खरा विषय ही जोडीच असतो.

सामना तोडू नका. आठ भागांचा सामना रोज एक भाग असा पाहिलात तर कोण कुठल्या बेसवर होतं तेही विसरायला होतं. शनिवार-रविवार धरा आणि निदान तीन-चार भाग सलग बघा.

वहीत नऊ चौकोन आखा. प्रत्येक इनिंगच्या धावा लिहा आणि समोरच्या संघाचे पहिले पाच फलंदाज नोंदवा. पाचव्या इनिंगमध्ये 'गेल्या वेळी याला आतला चेंडू टाकला होता' असं कॅचर म्हणाला, की मागे बघता येतं. एक-दोन सामन्यांनंतर वही लागत नाही.

सामन्याच्या मधेच जुन्या आठवणी येतात, त्या पुढे ढकलू नका. खऱ्या खेळातही दोन चेंडूंच्या मधे विचाराला वेळ असतो. मालिका तोच वेळ ताणून त्यात माणूस भरतात, आणि चौथ्या इनिंगमधली आठवण नवव्या इनिंगमध्ये कामी येते.

## पायरी ५: नेहमीचे सापळे

- निकाल आधीच कळणं. पात्राचं नाव शोधायला गेलात की शोधयंत्र पुढचे शब्द स्वतःच सुचवतं आणि घात होतो. 'टच' आणि 'क्रॉस गेम'च्या बाबतीत तर विशेष जपा.
- 'एच टू'ची मालिका (१९९५–९६). मांगा अप्रतिम आहे, मालिका मात्र गोष्ट पूर्ण होण्याआधी थांबते. तिच्यापासून सुरुवात करू नका.
- 'मिक्स' आधी बघणं. ती 'टच'च्याच मेइसेई शाळेत, बऱ्याच वर्षांनंतर घडते. आधी बघितलीत तर 'टच'मधलं फार काही उघड होतं.
- वर्ग चुकणं. 'बॅटरी' ही २०१६ ची मालिका हायस्कूलच्या खालच्या शाळेतल्या मुलांची आहे आणि 'वन आउट्स' व्यावसायिक बेसबॉलची. दोन्ही बघाव्यात, पण कोशिएनची हुरहूर तिथे शोधू नका.
- दुखऱ्या खांद्याचं कौतुक. जुन्या गोष्टींत पिचर वेदना गिळून रोज उतरतो आणि त्याला शौर्य मानलं जातं. हे मला खटकतं, आणि जपानमध्येही खटकू लागलं. २०२० पासून एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा आहे. मुलांबरोबर बघताना हे जरूर सांगा.

## पायरी ६: एकदा खरा सामना बघा

एखादी मालिका संपली की कोशिएनच्या जुन्या सामन्यांची दृश्यं शोधा. मालिकांत अतिशयोक्ती किती, हा प्रश्न मिटतो. १९९८ मध्ये योकोहामा शाळेच्या दाइसुके मात्सुझाकाने पीएल गाकुएनविरुद्ध १७ इनिंगमध्ये २५० चेंडू टाकले आणि पुढे अंतिम सामन्यात एकही हिट दिली नाही, म्हणजे कोणालाच फटका मारून बेस गाठू दिला नाही. १९९२ मध्ये हिदेकी मात्सुईला समोरच्या संघाने पाचही वेळा मुद्दाम चार बॉल देऊन मारायची संधीच नाकारली, आणि त्यावर देशभर वाद पेटला. २००६ चा अंतिम सामना १५ इनिंगनंतर १–१ असा बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवावा लागला. २०१८ मध्ये आकिताची एक कृषी शाळा अंतिम फेरीपर्यंत गेली.

थेट बघायचं तर वेळेचं गणित असं: जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे सकाळी आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला. सुरुवातीला आणि शेवटी भोंगा वाजतो, जिंकलेल्या शाळेचं गीत होतं आणि दोन्ही संघ वाकून नमस्कार करतात. १५ ऑगस्टला दुपारी बाराला, म्हणजे आपल्या साडेआठला, चालू खेळ थांबवून युद्धात गेलेल्यांसाठी एक मिनिट शांतता पाळतात.

मुलींनी हा खेळ बघून 'आमचं काय?' असं विचारलं तर उत्तर आहे. मुलींच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेचा अंतिम सामना २०२१ पासून कोशिएनवर होतो. मालिकांत १९९८ ची 'प्रिन्सेस नाइन' आणि २०२० ची 'तामायोमी' घ्या.

## पुढचा क्रम

'बिग विंडअप'चे दोन्ही सीझन, मग 'क्रॉस गेम', मग 'टच', आणि त्यानंतरच 'मिक्स'. 'एस ऑफ डायमंड' या सगळ्यांच्या समांतर, सवडीने. 'बिग विंडअप' दुसऱ्या सीझननंतर थांबते, पण मांगा पुढे बराच गेलेला आहे. मिहाशीची पुढची गोष्ट हवी असेल तर ती तिथे वाचायला मिळेल.